मिखाईल गोर्बाचेव्ह

मॉस्को शहराच्या मध्यभागी, मस्कवा नदीच्या काठी, क्रेमलिन नावाचा एक प्राचीन किल्ला आहे. रशियाच्या सत्तेचे ते प्रतीकच मानले जाते. ता. २५ डिसेंबर १९९१ रोजी सायंकाळी या किल्ल्यातील एका दालनात एक गृहस्थ दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर बसले आणि आपण राष्ट्राध्यक्षपदाचा त्याग करीत असल्याचे त्यांनी देशाला सांगितले. भाषण संपल्यावर थोड्याच वेळात क्रेमलिनवरील विळा-हातोड्याचे लाल निशाण खाली उतरले आणि त्या जागी रशियाचा पांढरा, निळा व तांबडा ध्वज चढला. कोणत्याही शत्रूने किल्ल्याला वेढा घातला नव्हता. देशावर परचक्र आले नव्हते. तरीही पृथ्वीवरील भूभागाचा जवळजवळ सहावा हिस्सा व्यापणारे सोव्हिएत संघराज्य इतिहासजमा झाले.

पदत्याग करणारे ते गृहस्थ म्हणजे मिखाईल सेर्गेयेविच गोर्बाचेव्ह होत. पावणेसात वर्षांपूर्वी ते सत्तेवर आले ते हे राष्ट्र मोडण्यासाठी नव्हे, तर ते सुधारण्यासाठी. मग असे का घडले? आणि आपल्या हातून सत्ता निसटत आहे हे दिसत असताना ते कसे वागले? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच त्यांच्या कार्याचे मर्म साठविलेले आहे.

गोर्बाचेव्ह यांचा जन्म ता. २ मार्च १९३१ रोजी दक्षिण रशियातील स्ताव्ह्रोपोल प्रांतात, प्रिवोल्नोये या खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. तो काळ मोठा कठीण होता. देशाची सूत्रे तेव्हा स्टालिन यांच्या हाती होती. शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून सामुदायिक शेती सक्तीने सुरू करण्यात आली होती. १९३२-३३ साली भीषण दुष्काळ पडला आणि गावातील पुष्कळ माणसे अन्नावाचून मेली. पुढे मिखाईलच्या दोन्ही आजोबांना अटक झाली. एकाने ठरवून दिल्याप्रमाणे पेरणी केली नाही, म्हणून त्याला सैबेरियाच्या जंगलात लाकूडतोडीच्या सक्तमजुरीवर धाडण्यात आले. दुसरे आजोबा तर स्वतः साम्यवादी पक्षाचे सभासद व सामुदायिक शेतीचे प्रमुख होते. पण तेही देशद्रोही ठरले व चौदा महिने तुरुंगात खितपत पडले. त्या दिवसांत शेजाऱ्यांनी त्या घराची पायरी चढणे सोडले. बरोबरीची मुलेही मिखाईलला टाळू लागली. आजोबा सुटून आले, तेव्हा आपल्या छळाची हकिगत त्यांनी घरच्या मंडळींना एकदाच सांगितली. पुन्हा त्या विषयावर त्यांनी तोंड उघडले नाही. जिथे खरे बोलणे हाच अपराध ठरतो, तिथे माणसे आपल्या घरातही कशी गप्प राहतात, हे या मुलाने लहानपणीच पाहिले.

युद्ध संपल्यावर मिखाईल उन्हाळ्यात शाळा नसताना वडिलांबरोबर कापणी-मळणीच्या यंत्रावर राबू लागला. १९४८ साली पितापुत्रांनी इतके धान्य काढले, की दुसऱ्या वर्षी सरकारने त्यांचा मोठा गौरव केला. अठरा वर्षांच्या मुलाच्या छातीवर श्रमवीराचे पदक झळकू लागले. पुढे १९५० साली मॉस्को विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी त्याला प्रवेश मिळाला. तेथेच राइसा या बुद्धिमान विद्यार्थिनीशी ओळख झाली व १९५३ साली दोघे विवाहबद्ध झाले. शिक्षण पुरे होताच गोर्बाचेव्ह आपल्या प्रांतात परतले आणि पक्षकार्यात एकेक पायरी चढत १९७० साली प्रांताच्या पक्षशाखेचे मुख्य चिटणीस झाले.

त्या वेळच्या राज्यपद्धतीची ओळख करून घेतल्याशिवाय पुढील घटनांचा अर्थ लागणार नाही. सोव्हिएत संघ हे पंधरा प्रजासत्ताकांचे मिळून बनलेले राज्य होते. रशिया, युक्रेन, जॉर्जिया, लिथुएनिया, उझबेकिस्तान ही त्यांपैकी काही होत. या सर्वांवर एकाच पक्षाची, साम्यवादी पक्षाची, सत्ता होती. दुसरा पक्ष काढण्यास मुभा नव्हती. निवडणुका होत, परंतु मतपत्रिकेवर नाव एकच असे. वृत्तपत्रांत काय छापावे हे सरकार ठरवी. कोणत्या कारखान्याने किती पादत्राणे करावीत आणि पाव कोणत्या भावाने विकावा, हेही मॉस्कोतील कचेऱ्यांत ठरे.

या पद्धतीने काही मोठी कामे केली होती, हे नाकारता येणार नाही. निरक्षरता जवळजवळ नाहीशी झाली होती आणि १९६१ साली युरी गागारिन हा जगातील पहिला अंतराळवीर याच देशाने आकाशात पाठविला होता. परंतु अंतराळात यान धाडणाऱ्या या देशात गृहिणींना मांसासाठी तासन् तास रांगेत उभे राहावे लागे. संपत्तीचा फार मोठा वाटा शस्त्रास्त्रांवर खर्च होई. १९७९ च्या अखेरीस अफगाणिस्तानात सैन्य धाडले गेले, ते तेथेच अडकून पडले होते. कारखान्यांचे व्यवस्थापक खोटे आकडे वर कळवीत, आणि वरचे अधिकारी ते खरे मानून पुढील योजना आखीत. दोष सर्वांना दिसत होते. ते बोलून दाखविण्याची मात्र कोणाची छाती नव्हती.

१९७८ साली शेतीखात्याचे चिटणीस म्हणून गोर्बाचेव्ह मॉस्कोत आले व दोनच वर्षांत पक्षाच्या सर्वोच्च मंडळाचे सभासद झाले. त्या मंडळात बहुतेक वृद्ध मंडळी होती. १९८२ च्या नोव्हेंबरात ब्रेझनेव्ह वारले. त्यांच्यामागून आलेले आंद्रोपोव्ह १९८४ च्या फेब्रुवारीत, आणि त्यांच्यामागून आलेले चेर्नेन्को १९८५ च्या मार्चमध्ये निवर्तले. अडीच वर्षांच्या आत तीन सर्वाधिकाऱ्यांना मूठमाती देण्याचा प्रसंग आल्यावर तरुण माणूस निवडावा, असे सर्वांना वाटू लागले. ता. ११ मार्च १९८५ रोजी चौपन्न वर्षांच्या गोर्बाचेव्ह यांची पक्षाचे सरचिटणीस म्हणून निवड झाली. त्याआधीच्या रात्री घराच्या बागेत फिरताना, असे जगणे यापुढे चालू ठेवता येणार नाही, असे ते राइसाबाईंना म्हणाले होते.

त्यांचा पहिला प्रयत्न जुन्याच पद्धतीचा, म्हणजे हुकमाचा, होता. मद्यपानाने देश पोखरला जात होता, म्हणून १९८५ च्या मे महिन्यात दारूविरुद्ध मोहीम सुरू झाली. दारूचे उत्पादन घटविले गेले. उत्साही अधिकाऱ्यांनी द्राक्षांचे मळेही उपटून टाकले. प्रथम मृत्यूंचे प्रमाण घटले. पण लोक घरोघर चोरून दारू गाळू लागले, तेव्हा दुकानांतील साखर नाहीशी झाली आणि सरकारचे उत्पन्नही बुडाले. केवळ वरून सोडलेल्या आज्ञेने समाज सुधारत नाही, हा धडा या प्रयोगाने शिकविला.

दुसरा धडा फार भयंकर होता. ता. २६ एप्रिल १९८६ रोजी युक्रेनमधील चेर्नोबिल येथील अणुविद्युत्-केंद्रात स्फोट झाला व विषारी किरणोत्सर्ग दूरवर पसरला. सरकारने दोन दिवस तोंड उघडले नाही. नंतर जाहीर केली तीही चारदोन वाक्यांची बातमी. तोवर स्वीडनमधील यंत्रांनी हवेतील किरणोत्सर्ग टिपला होता. स्वतः गोर्बाचेव्ह देशाशी बोलले ते १४ मे रोजी. लपवालपवीमुळे माणसांचे प्राण धोक्यात येतात, हे आता सर्वांना कळून चुकले.

यानंतर दोन रशियन शब्द जगभर गाजू लागले. एक ‘ग्लासनोस्त’, म्हणजे खुलेपणा. दुसरा ‘पेरेस्त्रोइका’, म्हणजे पुनर्रचना. खुलेपणाचा पहिला ठळक पुरावा एका दूरध्वनीने दिला. आंद्रेई साखारोव्ह या थोर शास्त्रज्ञाला सरकारवर टीका केल्याबद्दल गोर्की शहरात स्थानबद्ध करून ठेवलेले होते. १९८६ च्या डिसेंबरात काही माणसे अचानक त्यांच्या घरी आली आणि त्यांनी तेथे दूरध्वनी बसविला. दुसऱ्या दिवशी घंटा वाजली. पलीकडून गोर्बाचेव्ह बोलत होते. मॉस्कोस परत येऊन आपले कार्य करावे, असे त्यांनी सांगितले. साखारोव्ह यांनी लगेच इतर राजबंद्यांच्याही सुटकेची मागणी केली. हळूहळू अनेक राजबंदी सुटले. बंदी घातलेली पुस्तके छापली जाऊ लागली. स्टालिनच्या काळात नाहीशा झालेल्या लाखो लोकांची नावे उच्चारली जाऊ लागली. मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकांत इतके असत्य आहे असे आढळले, की १९८८ साली शाळांतील इतिहासाची अंतिम परीक्षाच रद्द करावी लागली.

पुनर्रचनेचे काम मात्र इतके सोपे नव्हते. कारखान्यांना थोडे स्वातंत्र्य मिळाले. १९८८ च्या कायद्याने लोकांना सहकारी संस्था काढून उपाहारगृहे व लहान उद्योग चालविण्याची परवानगी मिळाली. परंतु बहुतेक वस्तूंचे भाव सरकारच ठरवीत राहिले. जुनी घडी विसकटली आणि नवी बसली नाही. त्यातच १९८६ साली खनिज तेलाच्या किमती कोसळल्या व तेल विकून मिळणारे परकीय चलन आटले. दुकाने अधिकच रिकामी दिसू लागली. १९८९ च्या उन्हाळ्यात कोळशाच्या खाणींतील लक्षावधी मजुरांनी संप पुकारला, तेव्हा दिवसभर काळ्या धुळीत काम करून अंग धुण्यासाठी साबणसुद्धा मिळत नाही, ही त्यांची एक तक्रार होती. पूर्वी असा संप झाला असता, तर तो दडपला जाऊन त्याची बातमीही कोणास कळली नसती. आता ती वृत्तपत्रांत छापून आली.

त्याच वर्षी मार्च महिन्यात निवडणुका झाल्या. नव्या प्रतिनिधिसभेच्या २,२५० जागांपैकी ७५० जागा पक्ष व इतर संस्थांसाठी राखून ठेवल्या होत्या. पण उरलेल्या १,५०० जागांपैकी पुष्कळ ठिकाणी एकाहून अधिक उमेदवार उभे होते. जेथे एकच नाव होते, तेथेही ते खोडण्याचा मार्ग लोकांपुढे होता आणि त्यांनी तो धीटपणे चोखाळला. लेनिनग्राडमधील पक्षाचे प्रमुख समोर प्रतिस्पर्धी नसतानाही पडले! साखारोव्ह निवडून आले. पक्षश्रेष्ठींशी भांडण झाल्यामुळे पदच्युत झालेले बोरिस येल्त्सिन मॉस्कोतून प्रचंड बहुमताने विजयी झाले. सभेचे कामकाज दूरचित्रवाणीवरून सर्व देशभर दाखविण्यात आले. एकदा साखारोव्ह यांचे भाषण लांबले, तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या गोर्बाचेव्ह यांनी त्यांचा ध्वनिक्षेपक बंद केला. पण साऱ्या देशाने ते दृश्य पाहिले व त्यावर घरोघर चर्चा केली. राज्यकर्त्याला जाब विचारता येतो, ही गोष्ट एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर लोक ती विसरणार नव्हते.

परराष्ट्रीय राजकारणात गोर्बाचेव्ह यांना मोठे यश लाभले. १९८६ च्या नोव्हेंबरात ते दिल्लीस आले. तेथे भारताचे पंतप्रधान राजीव गांधी व ते, अशा दोघांनी अण्वस्त्रमुक्त व अहिंसक जगाचा पुरस्कार करणाऱ्या घोषणापत्रावर सह्या केल्या. पुढील वर्षी डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्याशी त्यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार केला आणि त्यानुसार दोन्ही देशांनी मिळून २,६९२ क्षेपणास्त्रे मोडून टाकली. १९८९ च्या फेब्रुवारीत शेवटचा सोव्हिएत सैनिक अफगाणिस्तानातून परतला.

यापेक्षाही मोठी घटना पूर्व युरोपात घडली. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, पूर्व जर्मनी इत्यादी देश सोव्हिएत वर्चस्वाखाली आले होते. १९५६ साली हंगेरीने आणि १९६८ साली चेकोस्लोव्हाकियाने स्वतंत्र वाट धरू पाहिली, तेव्हा सोव्हिएत रणगाड्यांनी त्यांना चिरडले होते. १९८९ साली हे सर्व देश पुन्हा उठले. साऱ्या जगाचे लक्ष मॉस्कोकडे लागले. परंतु या वेळी रणगाडे छावण्यांतून बाहेर पडले नाहीत. प्रत्येक राष्ट्राने आपला मार्ग आपण निवडावा, हे जाहीर केलेले तत्त्व गोर्बाचेव्ह यांनी पाळले. ता. ९ नोव्हेंबरच्या रात्री, अठ्ठावीस वर्षे बर्लिन शहर दुभंगून उभी असलेल्या भिंतीची दारे उघडली आणि ताटातूट झालेले आप्त एकमेकांच्या गळ्यात पडले. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या. त्याच वर्षी गोर्बाचेव्ह यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु जे तत्त्व शेजाऱ्यांना लागू, ते घरातल्यांना का नाही, असा प्रश्न आता संघराज्यातील प्रजासत्ताके विचारू लागली. लिथुएनिया, लॅट्व्हिया व एस्टोनिया ही चिमुकली राज्ये १९४० साली बळाने संघात सामील करून घेण्यात आली होती. ता. २३ ऑगस्ट १९८९ रोजी तेथील लक्षावधी स्त्रीपुरुषांनी हातात हात गुंफून तीन राजधान्यांना जोडणारी, सहाशे किलोमीटरांहून लांब अशी मानवी साखळी उभारली. ता. ११ मार्च १९९० रोजी, म्हणजे गोर्बाचेव्ह सत्तेवर आले त्याला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, लिथुएनियाने स्वातंत्र्याची घोषणा केली.

येथे गोर्बाचेव्ह यांची खरी कसोटी लागली, आणि त्यांच्या चरित्रातील हा भाग निष्कलंक नाही. त्यांना संघराज्य टिकवायचे होते. १९८९ च्या एप्रिलमध्ये तिबिलिसी येथे, १९९० च्या जानेवारीत बाकू येथे आणि १९९१ च्या जानेवारीत व्हिल्नियस येथे सैन्याने निःशस्त्र नागरिकांचे प्राण घेतले. सर्व आज्ञा आपण दिल्या नव्हत्या, असे गोर्बाचेव्ह म्हणत. पण बाकूस सैन्य पाठविण्याचा निर्णय त्यांचाच होता आणि राष्ट्रप्रमुखाची जबाबदारी त्यांना टाळता येण्यासारखी नव्हती. तथापि, बळाचा मार्ग त्यांनी शेवटपर्यंत रेटला नाही. सर्व देशभर सैन्याचा अंमल बसवावा, हा कडव्या सहकाऱ्यांचा आग्रह त्यांनी मानला नाही. परिणामी दोन्ही बाजू त्यांच्यावर रुष्ट झाल्या. जुने पुढारी म्हणत, हा मनुष्य देश बुडवीत आहे. नवे पुढारी म्हणत, हा फार हळू चालतो. १९९० साली प्रतिनिधिसभेने त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडले. पण लोकांपुढे जाऊन त्यांनी मते मागितली नव्हती. येल्त्सिन मात्र १९९१ च्या जूनमध्ये थेट जनतेच्या मतांनी रशियाचे अध्यक्ष झाले. जी मतपेटी गोर्बाचेव्ह यांनी खुली केली, तिच्यातूनच त्यांचा प्रतिस्पर्धी बलवान होऊन बाहेर आला.

अखेर प्रजासत्ताकांना अधिक अधिकार देणारा नवा करार ठरला. ता. २० ऑगस्ट १९९१ रोजी त्यावर सह्या व्हावयाच्या होत्या. त्याच्या दोन दिवस आधी, क्रिमियातील फोरोस येथे गोर्बाचेव्ह सहकुटुंब विश्रांती घेत असताना त्यांचे सर्व दूरध्वनी एकाएकी बंद पडले. त्यांच्याच विश्वासातील अधिकाऱ्यांचे दूत दारात उभे होते. आणीबाणी जाहीर करा, नाहीतर राजीनामा द्या, असे त्यांनी बजावले. गोर्बाचेव्ह यांनी दोन्ही गोष्टी साफ नाकारल्या. तीन दिवस ते कैदेत होते. एका लहानशा रेडिओवर परदेशी बातम्या ऐकून देशात काय चालले आहे, हे ते समजून घेत. इकडे मॉस्कोत रणगाडे शिरले होते. येल्त्सिन एका रणगाड्यावर चढले व त्यांनी लोकांना प्रतिकाराचे आवाहन केले. हजारो नागरिक आपल्या निवडलेल्या सरकारभोवती कडे करून उभे राहिले. त्या धामधुमीत तीन तरुण मृत्युमुखी पडले. पण सैनिकांनी जमावावर हल्ला चढविला नाही आणि बंड फसले. ज्या लोकांना सहा वर्षांपूर्वी बोलण्याचीही भीती वाटे, ते आता रणगाड्यांसमोर उभे राहिले होते.

गोर्बाचेव्ह मॉस्कोस परतले. पण सत्ता परतली नाही. ता. २४ ऑगस्ट रोजी त्यांनी पक्षाचे सरचिटणीसपद सोडले. डिसेंबरच्या पहिल्या तारखेस युक्रेनमधील नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. आठवड्याने रशिया, युक्रेन व बेलारूस यांच्या नेत्यांनी सोव्हिएत संघ संपुष्टात आल्याचे जाहीर केले. मग आली ती २५ डिसेंबरची सायंकाळ. एका राष्ट्राच्या जागी पंधरा स्वतंत्र राष्ट्रे उभी राहिली, आणि जगाला चाळीसहून अधिक वर्षे धास्तीत ठेवणारे शीतयुद्ध संपले.

या घटनांचे परिणाम सर्वांना सारखेच गोड वाटले नाहीत. रशियात पुढील काही वर्षे महागाईने कहर केला. आयुष्यभर साठविलेली पुंजी कवडीमोल झाली. अनेक रशियनांनी याचा दोष गोर्बाचेव्ह यांनाच दिला. १९९६ साली ते अध्यक्षपदाच्या निवडणुकीस उभे राहिले, तेव्हा त्यांना शंभरात एक मतसुद्धा मिळाले नाही. नव्या राष्ट्रांमधील सीमांचे व सत्तेचे तंटेही मिटले नाहीत. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले. ते युद्ध पेटलेले असतानाच, त्या वर्षी ३० ऑगस्ट रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी गोर्बाचेव्ह यांचे निधन झाले.

वर्षानुवर्षे बंद ठेवलेल्या धरणाचा दरवाजा उघडला, की पाणी आखून दिलेल्या पाटानेच जाईल असा भरवसा देता येत नाही. गोर्बाचेव्ह यांचा अंदाज तेथेच चुकला. लोकांना बोलू दिले, की ते आपल्या मनातलेच बोलतील एवढेच नव्हे, तर आपल्याविरुद्धही बोलतील, हे त्यांना अनुभवाने कळले. पण ते कळल्यावरही त्यांनी लोकांची तोंडे पुन्हा बंद केली नाहीत. प्रचंड सैन्य व हजारो अण्वस्त्रे हाताशी असताना, सत्ता राखण्यासाठी देशाला रक्तात बुडविण्यापेक्षा एका सायंकाळी खुर्ची सोडून ते घरी गेले. ज्या मुलाच्या आजोबांना आपले दुःख एकदाच, दबल्या आवाजात सांगता आले, त्याने कोट्यवधी लोकांना मोठ्याने बोलण्याची मुभा दिली. त्यांच्या चुका मोजतानाही ही गोष्ट इतिहासाला विसरता येणार नाही.

अभ्यास

१. गोर्बाचेव्ह यांच्या बालपणातील कोणत्या अनुभवाचा संबंध ‘ग्लासनोस्त’शी जोडता येतो? तो कसा?
२. दारूबंदीची मोहीम का फसली?
३. “जे तत्त्व शेजाऱ्यांना लागू, ते घरातल्यांना का नाही?” हा प्रश्न कोणी विचारला व का?
४. तिबिलिसी, बाकू व व्हिल्नियस येथील घटनांबाबत गोर्बाचेव्ह यांना कितपत जबाबदार धरता येईल? आपले मत कारणे देऊन लिहा.
५. वाक्यांत उपयोग करा : परचक्र येणे, मूठमाती देणे, छाती नसणे, घडी विसकटणे, जाब विचारणे.